बाबा टेकडी चढले तेव्हा

दारव्ह्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, एक टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर विष्णूचं लहानसं देऊळ. कार्तिकातल्या एकादशीला आई तिथे जायची. तिला गाडीवर बसवून न्यायचं काम बाबांचं. पण बाबा स्वतः कधी वर गेले नाहीत. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, पण जाणंयेणंही नव्हतं. पायथ्याच्या कडुलिंबाखाली गाडी लावायची, दगडावर बसून तंबाखू मळायची आणि आई उतरून आली की किक मारायची.

अलीकडे आईचे गुडघे पार गेले. मागच्या एकादशीला मी यवतमाळहून मुद्दाम गावी गेले आणि दोघांना कारनं घेऊन आले. आईनं घरच्या तुळशीचा हार ओवून ओल्या फडक्यात गुंडाळला होता. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, माझा खांदा घट्ट धरला आणि तशीच थांबली. मग मागं फिरून तिनं हाराची पिशवी बाबांच्या हातात दिली.

"तुम्ही जा."

"मी? कायले? पोरगी जाते ना."

"थे तं जातेच. पण तुम्ही जा. अन् नीट पाहून या. देव कसा दिसून राह्यला, थे मले सांगा."

बाबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढण्यात गुंतले.

ते पुढे, मी मागे. पिशवी त्यांनी अंडी न्यावी तशी छातीशी धरली होती. धाप लागली की थांबायचे आणि खालच्या तुरीकडे बोट दाखवून म्हणायचे, "यंदा फूल चांगलं हाये." मीही तूर पाहायची.

गाभाऱ्याचं दार ठेंगणं. बाबा वाकून आत गेले. पुजाऱ्यानं हार घेऊन मूर्तीला घातला. मी हात जोडले. बाबांनी जोडले नाहीत. बाजारात बैल पाहावा तसं ते देवाला पाहत होते, इकडून, तिकडून, गुडघ्यांवर हात ठेवून.

"या हातात काय हाये, महाराज?"

"शंख."

"अन् त्या खालच्या?"

"कमळ."

बाबा स्वतःशी पुटपुटत बाहेर आले आणि कठड्याशी थबकले. खाली कडुलिंब दिसत होता. त्यांच्या नेहमीच्या दगडावर आई बसली होती, हिरव्या लुगड्यात, इवलीशी.

"इथून दिसते?" त्यांनी विचारलं.

"आई दरसाल इथं उभी राहायची, बाबा. मी लहानपणी विचारलं तं म्हणे, तुह्या बाबाले पाहून राह्यली."

 ते खाली बघत राहिले. मग रिकामी पिशवी उंच धरून हलवू लागले. खाली आई झाडाला धरून उभी राहिली, डोळ्यांवर हाताचा आडोसा केला.

उतरल्यावर बाबा तिच्याशेजारी दगडावर टेकले.

"सांगा," आई म्हणाली.

बाबांनी सांगितलं. दगड काळा, गुळगुळीत. डोळे चांदीचे. पीतांबर नवा वाटतो. शंख कुठल्या हातात, कमळ कुठल्या. "हार जरा लांब झाला तुहा. पायापर्यंत आला."

"पायापर्यंतच पाह्यजे." आई डोळे मिटून ऐकत होती. "अन् हासून राह्यला का?"

 तेवढं पाहायचं बाबांचं राहून गेलं होतं. त्यांनी एकदा टेकडीकडे पाहिलं आणि उठले.

"थांब. पाहून येतो."

"अवो, राहू द्या! जीव दमून जाईन!"

पण ते निघाले होते. आई हसता हसता रडू लागली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

बाबा परत आले तेव्हा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"हासते," ते म्हणाले, "पण थोडासाच."

आईनं त्यांना पाण्याची बाटली दिली. मग माझ्यादेखत, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. बाबांनी पुसू दिलं.