ग्लास हुंगणारे सर

१८ जून. सकाळचं काम: दोन नंबरच्या टाकीचा डिप, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत काठी सोडून पेट्रोल किती उरलंय ते पाहणं. गाझियाबादच्या त्या पंपावर मी मॅनेजर होते. सलग चौथ्या दिवशी पेट्रोल कमी भरलं. वहीत कारणाच्या रकान्यात मी ‘उष्णता’ लिहिलं, म्हणजे उन्हाने उडालं. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे तेच लिहितात.

त्याच दिवशी हुंगेसर आमच्या पंपावर वर्ग घ्यायला आले. नाव आम्हीच ठेवलेलं. टाक्या सांभाळणाऱ्यांना ते दरवर्षी पर्यावरणाचे नियम शिकवायचे, आणि कुठेही पाणी पिण्याआधी ग्लास नाकाशी न्यायचे. आमच्या घरी जेवायला आले तेव्हाही. माझी मुलगी म्हणाली, “काका, फिल्टरचं आहे यार!” ते म्हणाले, “असेल. पण नाकाला कुठे माहीत आहे?”

वर्गात ते आधी वही मागायचे. त्या दिवशी माझी वही उघडून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ताई, रविवारी दिवसभर ढग होते ना?”

“हो.”

“मग उष्णता कुठून आणलीत?”

वर्गातले सगळे हसले.

“विक्री बंद करा. आत्ता डिप घ्या, दोन तासांनी पुन्हा घ्या.”

बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मालकांचा फोन आला. “मॅडम, गर्मी लिख दीजिए ना. पंप बंद हुआ तो आप भी घर बैठेंगी.” मी फोन ठेवला. सर सावलीत खुर्ची ओढून शांत बसले होते. “उडालेलं पेट्रोल वर जातं,” ते म्हणाले. “गळलेलं कुठे जातं?” पंपाच्या भिंतीमागे एक गल्ली होती. तिथले लोक हातपंपाचं पाणी पीत.

दोन तासांनी मी काठी वर काढली. एक थेंबही विकला नव्हता, तरी ओली खूण चार मिलिमीटर खाली होती. टाकी रिकामी करायला तेल कंपनीला कळवलं. प्रदूषण मंडळाला गळती कळवायचा अर्ज सरांनी माझ्यापुढे सरकवला.

“तुम्ही लिहा ना सर.”

“काठी तुमच्या हातात होती.”

चार दिवसांचं कारण मी न तपासता लिहिलं, हेही मी त्यात लिहिलं. संध्याकाळी मालक म्हणाले, “कल से मत आइए.”

सरांचा तो शेवटचा वर्ग. निवृत्त होऊन त्याच संध्याकाळच्या गाडीने ते अकोल्याला निघाले. मी स्टेशनवर गेले. नोकरी गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “गल्लीत सांगितलंत का?” पुढे आमची भेट झाली नाही. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं.

स्टेशनवर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतलं पहिलं दार वाजवलं. तपासणी होईपर्यंत हातपंपाचं पाणी पिऊ नका, असं सांगितलं. बाई म्हणाली, “धूप में आई हो, पहले पानी तो पी लो.” मी ग्लास घेतला, नाकाशी नेला. वास नव्हता. तरी तो तसाच खाली ठेवला आणि पुढचं दार वाजवलं.