पडद्याकडे पाठ

"झालं का?"

हे दोन शब्द उच्चारताना भाऊसाहेबांचे डोळे मिटलेले असत, हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेले असत आणि सारं जग ज्या दिशेला पाहत असे, नेमकी त्या दिशेला त्यांची पाठ असे. आमच्या महाविद्यालयातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघावरचा तो माहितीपट तुम्ही पाहिला असेल, तर हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. शेवटच्या फ्री थ्रोच्या वेळी, म्हणजे रेषेवरून एकटीनं बिनअडथळा चेंडू टाकायच्या वेळी, पडद्यावर शेकडो डोक्यांच्या मागच्या बाजू दिसतात आणि त्यांच्या मधोमध एकच चेहरा. तो त्यांचा.

ते आमचे हेडक्लार्क. आपल्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. तेवढ्या एका संबोधनावर त्यांनी सारी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतही ते भाऊसाहेबच राहिले. मी मराठी शिकवत असे. खेळातलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण त्या वर्षी त्या मुलींच्या मागे आम्ही सगळेच ओढले गेलो. सायकल स्टँडशेजारचं सिमेंटचं मैदान, किंचित कललेला बोर्ड, जाळी नसलेली रिंग. दुपारभर तापलेलं सिमेंट संध्याकाळी चपलेच्या तळव्यातूनही जाणवे. मुलींचे गुडघे कायम सोललेले असत आणि जवळून गेल्या की घामाबरोबर हळदीचा वास येई. त्यांना खेळायचं होतं ते लाकडी फरशीच्या बंदिस्त क्रीडागृहांत सराव करणाऱ्या संघांशी.

पहिल्या सामन्याला भाऊसाहेब गेले ते कागदपत्रं सांभाळायला. बरोबर पाण्याचा जार आणि घरून आणलेल्या धपाट्यांचा डबा. निर्णायक फ्री थ्रो होता तेव्हा ते पाठमोरे वाकून पेले भरत होते. मागे एकच गलका उठला. "झालं का?" त्यांनी न वळताच विचारलं. झालं होतं. पुढच्या सामन्यात त्यांनी मोठ्या कौतुकानं वळून पाहिलं आणि चेंडू रिंगच्या कडेवर क्षणभर रेंगाळून बाहेर पडला. त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी स्वतःवर खटला चालवला आणि स्वतःच निकाल दिला. त्यानंतर आपल्या संघातल्या मुलीचा फ्री थ्रो आला, की ते शांतपणे वळून उभे राहत.

"भाऊसाहेब, तुमच्या नजरेचा आणि चेंडूचा काय संबंध?" मी एकदा विचारलं होतं.

"संबंध कायच नाय, मॅडम. पण पोरींनी इतकी मेहनत केली. त्यात माझ्या डोळ्यांचा खोडा कशाला?"

अंतिम सामन्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. बरोबरी होती. छावणी भागात राहणारी आमची नसरीन रेषेवर उभी राहिली. पहिला फ्री थ्रो हुकला. दुसऱ्याच्या वेळी भाऊसाहेब प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपुढे, मैदानाकडे पाठ करून उभे होते. माहितीपट करणारा तरुण आमचाच जुना विद्यार्थी. त्याच्याकडे कॅमेरा एकच, आणि पुढे जागा न मिळाल्यानं तो गर्दीच्या मागे स्टुलावर चढलेला. नसरीननं चेंडू आपटला, वर उचलला, तोवर ती गर्दीच्या फटीतून दिसते; मग सगळे उभे राहिले आणि त्याच्या हाती लागलं ते एवढंच: माणसांच्या माना, त्यांच्या पलीकडे मिटल्या डोळ्यांचा एक चेहरा आणि फार दूर, धुरकट, बांगडीएवढी रिंग. चेंडू दिसतो न दिसतो. ओठ हलतात, "झालं का?" मग डोळे उघडतात, समोरच्या चेहऱ्यांवरून फिरतात, आणि त्या उतरलेल्या, दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत जातो.

आपण जिंकलो हे त्यांना लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. माहितीपट पाहणाऱ्या सगळ्यांना ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. चेंडूकडे नीट कुणीच पाहिलेलं नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही चाहते त्याच मैदानावर जमून तो माहितीपट पाहतो. दिवेलागणीच्या सुमारास बोर्डाच्या खांबाला पांढरी चादर बांधायची, घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणायच्या. जुन्या खेळाडू येतात, त्यांची मुलं येतात, गारखेड्यापासून छावणीपर्यंतची माणसं येतात. प्रत्येकाला प्रत्येक वाक्य पाठ. कडुनिंबाच्या पानांचा कडवट गारवा आणि खळ घातलेल्या चादरीचा वास, या दोन वासांनीच मला तो माहितीपट आठवतो. भाऊसाहेब सगळ्यांच्या आधी येऊन बसत, सगळं मन लावून पाहत, जुन्या विनोदांना नव्यानं हसत. आणि शेवटचा फ्री थ्रो आला की उठून पुढे जात, चादरीच्या कडेला उभे राहत आणि तिच्याकडे पाठ करत.

होय, माहितीपटातसुद्धा.

नसरीन आता एका शाळेत खेळ शिकवते. ती दर वर्षी त्यांच्याशी भांडे. "भाऊसाब, कायकू डरते जी? पिक्चर है. पिक्चर में क्या बिगडता?"

"पोरी, हे पिक्चर हाय म्हणून त्या बॉलला माहीत हाय का?"

"बॉल मैं डाली थी ना! मेरे पे भरोसा नै क्या?"

"तुझ्यावर लई हाय. माझ्या डोळ्यांवर नाय."

एका वर्षी तिनं आणि इतर मुलींनी त्यांना खांदे धरून बळेच चादरीकडे वळवलं. त्याच क्षणी सगळ्या परिसराची वीज गेली. काळोखात बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं. मग भाऊसाहेबांचा अत्यंत समाधानी आवाज आला, "सांगितलं होतं." पुन्हा कुणी त्यांच्या खांद्याला हात लावला नाही.

चादरीवरचा तो चेहरा आणि तिच्याशेजारचा हा चेहरा एकाच वेळी "झालं का?" विचारत. आम्ही सगळे ओरडत असू, "झालं!" दोन्ही चेहरे एकदमच उजळत. चादरीवरचा तरुण राही. शेजारचा दर वर्षी थोडा वाळत गेला.

निवृत्तीनंतर एका सकाळी ते आमच्या फाटकाशी थांबले. मी जाईच्या कळ्या वेचत होते. "मॅडम, डोळ्यांचा रिझल्ट लागला," ते म्हणाले, "नापास." काचबिंदू उशिरा कळला होता. कडेनं सगळं मिटत चाललं होतं. नळीतून पाहावं तेवढंच दिसे, तेही वर्षभर टिकेल याची डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. हातातल्या कळ्या मी उगाच परडीतून ओंजळीत आणि ओंजळीतून परडीत ओतत राहिले.

"या वर्षी बघून घेतो म्हणतो," तेच म्हणाले. "तो फ्री थ्रो. राहून गेल्यासारखं नको वाटाया."

ही गोष्ट मी नसरीनला सांगितली आणि तिच्याकडून ती सगळ्यांना कळली. त्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. शेवटचा फ्री थ्रो आला, भाऊसाहेब उठले, पुढे गेले, आणि या वेळी खरोखरच चादरीकडे तोंड करून उभे राहिले. चादर वाऱ्यानं फडफडलेली ऐकू आली. चादरीवर नसरीन रेषेवर आली. तिनं चेंडू जमिनीवर आपटला. आणि भाऊसाहेब वळले. नेहमीसारखे, आमच्याकडे.

या वेळी मात्र त्यांचे डोळे उघडे होते. त्या अरुंद नळीतून एकेक चेहरा शोधत, मान हळूहळू फिरवत ते आम्हाला पाहत होते. चादरीचा उजेड आमच्यावर पडला होता. "झालं का?" हे विचारायला त्या वर्षी त्यांना उशीर झाला.

"भाऊसाब, आज तो देखना था ना," नसरीन नंतर रडवेली होऊन म्हणाली.

"बॉल काय, दरसाल आत जातोय," ते म्हणाले. "तुमची तोंडं बघून घेतली."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते पत्नीचा हात धरून आले. दिसत काहीच नव्हतं. ठरल्या वेळी उठले, चादरीची कड हातानं चाचपली आणि पाठ करून उभे राहिले. पण अंदाज चुकला. त्यांचं तोंड आमच्याकडे नव्हतं, सायकल स्टँडकडे होतं. त्यांना सरळ करायला कुणी उठलं नाही. आधी एक खुर्ची उचलली गेली, मग दुसरी. चपलांचा आवाज होऊ न देता आम्ही सारे सायकल स्टँडच्या बाजूला त्यांच्या समोर जाऊन उभे राहिलो. तिथून चादर तिरपी, जवळजवळ दिसेनाशी झाली होती. "झालं का?" त्यांनी विचारलं. "झालं!" आम्ही त्यांच्या तोंडासमोर ओरडलो.

ते गेल्याचा फोन चैत्रात आला. मी भेंडी चिरत होते. फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरली. सगळी चिरून झाली तरी बोटांमधली तार सुटत नव्हती. नळाखाली हात धरून मी बराच वेळ उभी होते. पाणी थंड आहे की कोमट, हे आता आठवत नाही. तेव्हाही कळलं नसावं.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जमलो. चादर तीच, खळीचा वासही तोच असावा; मला तो आला नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी धपाटे घेऊन आल्या होत्या. विनोद आले तसे गेले. शेवटचा फ्री थ्रो आला आणि चादरीच्या कडेची जागा रिकामी राहिली. नसरीन माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावरच्या तिनं चेंडू आपटला, वर उचलला.

आणि त्या माना, ती दूरची धुरकट रिंग, आणि मिटल्या डोळ्यांचा तो चेहरा. ओठ हलले, "झालं का?"

कुणीच ओरडलं नाही. चादरीवर भाऊसाहेबांनी डोळे उघडले आणि आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मी माझ्या गालाला हात लावून पाहिला. तो थंड होता, आणि त्यावर त्यांना वाचता येईल असं काहीही नव्हतं.

तरीही त्यांचा चेहरा उजळत गेला.