बाकडं आणि बघायला आलेली माणसं

लेकीला बघायला विट्याकडची माणसं येणार म्हटल्यावर बायको म्हणाली, "आवं, त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवणार व्हय त्यांना?" झालं! माझं डोकं फिरलं. आठवड्यात सागाचं बाकडं करून दाखवतो म्हणालो. मोबाईलवर व्हिडिओ बघून! उभ्या जन्मात मी खिळ्याशिवाय काही ठोकलं नव्हतं, तेही भिंतीचा पोपडा काढून.

लेकीचा घोर वेगळाच होता. म्हणाली, "पप्पा, अर्ध्या तासात मला माणूस कळायचा नाही. तुम्ही त्याला नीट बघा. तुम्ही हो म्हणाला, तरच माझं हो." "बघतो की," म्हणालो आणि रंधा मारत बसलो.

बाकडं दिसायला झकास झालं. सहा फुटांची फळी, आणि व्हिडिओतल्यासारखे पाय दोन्ही टोकांपासून दीड-दीड फूट आत. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी फडकं मारून सहज टोकाला टेकलो, तर दुसरं टोक उचललं की वर! थोडक्यात वाचलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. व्हिडिओतला माणूस मधोमध एकटाच बसत होता. आमच्या सांगलीत बाकड्यावर एकटं कोण बसतंय? तिघं बसतात, आणि म्हातारं माणूस हमखास दाराकडचं टोक धरतं. पाय सरकवायला आता वेळ कुठला? बायकोला सांगितलंच नाही. तिनं तिथंच माझी पूजा बांधली असती.

पाहुणे आले. मुलाचे आजोबा सरळ टोकाला गेले आणि वर मांडी घालून बसले. मुलगा मधे, त्याचे मामा पलीकडच्या टोकाला. बाकडं हललं नाही. देवा, असंच राहू दे रे! आजोबा ऐंशी किलोचे तरी, मामा अंगानं भरलेले, मुलगा सत्तरच्या आसपास. कोण उठलं तर कोण पडेल, एवढंच माझ्या डोक्यात. मुलगा सोनं गाळायच्या दुकानाचं काहीतरी सांगत होता. मी "व्हय, व्हय" करत त्याच्या खालची फळी बघत होतो.

तेवढ्यात मामांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. फळी करकरली. त्याच वेळी लेक चहा घेऊन आली, आणि मुलगा तिच्या हातातला ट्रे घ्यायला उठायला लागला.

"उठू नका!"

असा ओरडलो की कपातला चहा हिंदकळला. मुलगा गपकन खाली बसला. बायकोनं मला डोळ्यांनीच खाल्लं. "नाही, म्हणजे... निवांत बसा म्हटलं," मी पुटपुटलो. आजोबांनी फळीवर थाप मारली. "बाकडं लय दणकट हाय की वो!"

निघताना मीच आजोबांना हात देऊन आधी उठवलं. त्यांना वाटलं, केवढा मान!

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मुलगी पसंत हाय, तुमचं काय ते सांगा. बायको फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागली. लेक समोर येऊन बसली.

"पप्पा, कसा वाटला?"

दीड तास तो पोरगा माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. कसा बोलतो, कसा हसतो, माझ्या लेकीकडं कसा बघत होता, मला काही म्हणजे काही आठवेना. त्याचं वजन तेवढं सांगता आलं असतं.