साडूभाऊंची निवडक गाणी

एकही गोष्ट शेवटापर्यंत न नेता सुखात जगलेला माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. मी सिंदेवाहीकडचा धान पिकवणारा माणूस, तो सावलीचा. मी दुसरीच्या वर शाळा पाहिली नाही, पण जेवढी पाहिली तेवढी पुरी बसून पाहिली. साडू सातवीपर्यंत गेला म्हणतात. मधले एकदोन वर्ग आवडले नाहीत म्हणून तो तिकडे फिरकलाच नसेल असा माझा कयास आहे. सीताफळाचे वरचे चार डोळे खाऊन बाकीचं फळ तो शेजारच्याच्या हातात द्यायचा. पंगतीत वांग्याचे देठ तेवढे चोखायचा आणि उठायचा. दंडार बघायला गेला तर सोंगाड्याचं बोलणं होईतो उभा. ते झालं की चपला शोधायला लागायचा. शंकरपटात बैल सुटताना पाहायचा आणि लगेच पाठ फिरवायचा. "पुढं काय पाहाचं, पयतातच ना," म्हणायचा. माझ्याकडे यायचं तर मूलला येऊन छोट्या गाडीत बसायचा आणि सिंदेवाहीच्या एक ठेसन आधीच उतरून, शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून चालत, गाडीच्या कितीतरी मागून घामेजून पोचायचा. काऊन उतरलास गा, विचारलं तर उत्तर तयार: "भाऊ, गाडी लय वेळ एकच काम करते."

अशा माणसाच्या हाती चावीचा बाजा लागला. उन्हाळ्यात तो तेंदूपत्त्याच्या फडीवर मुनशी असायचा. तिथल्या ठेकेदारानं जुना झाला म्हणून आपला बाजा, त्याचा पितळी कर्णा आणि तबकड्यांचं एक खोकं त्याला देऊन टाकलं. आता तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांचा कारभार. विडी पेटवून विझेपर्यंत गाणं सरते. पण साडूला तेवढंही जड. त्यानं पहिल्या पावसाळ्यात दार लावून सगळ्या तबकड्या एकेकदा ऐकल्या, तेही उठबस करत, आणि कोणत्या गाण्यात मलई कुठं आहे ते ठरवून टाकलं. मग तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन जिथं मलई लागते तिथं एकेक पांढरा ठिपका दिला. लग्नात बाजा मांडला की सुई बरोबर त्या ठिपक्यावर टेकवायची, मलई वाजली की उचलायची, तबकडी काढायची, दुसरी लावायची. सुया सरल्या तर बाभळीचा काटा तासून लावायचा, पण हात थांबू द्यायचा नाही. साडू बाजा वाजवताना बसल्याचं कुणी पाहिलं नाही. एका पायावर भार देऊन उभा, डोळे पुढच्या तबकडीवर, कान मागच्या गाण्यात, आणि तोंडात तंबाखू.

खोटं कशाला बोलू, लोक पागल झाले होते. दुसऱ्याचा बाजा दोन गाणी म्हणतो तेवढ्यात आमच्या साडूचा बाजा आख्खा बाजार भरवायचा. हसणारी बाई, रडणारा बुवा, कव्वालीच्या टाळ्या, एका तबकडीत तर नुसतीच घोड्याची टापटाप, सगळं एकाच मांडवात. पोट्टे जेवण सोडून भोवती बसत. सावलीपासून व्याहाडपर्यंत ज्याच्या घरी लग्न निघे तो आधी साडूकडे येऊन मग बामनाकडे जाई. मला तो म्हणायचा, "भाऊ, गाण्यात चांगलं तेवढं थोडंच असते. बाकीचा तं तनिस हाय, धानाचा नुसता पेंढा. मी लोकायले तनिस काऊन चारू?" मी म्हणायचो, "अरे बावा, तनसाशिवाय धान उभा राहाते का?" पण तोवर तो दुसऱ्या माणसाशी बोलायला लागलेला असे.

पण एका लग्नात गोष्ट फसली. पोरगी निघायची वेळ. छकडा जुंपलेला. साडूनं माहेर सुटल्याचं गाणं लावलं, पोरगी मायच्या गळ्यात पडली, आता डोळ्यांतून पाणी पडणार, तेवढ्यात साडूची मलई सरली आणि बाजातून एकदम टाळ्या न् ढोलकी निघाली. पोरगी तशीच तोंड वासून उभी. साडूनं घाबरून पुन्हा रडकं लावलं. ते सरून घोडा आला. पोरीची आत्या पदर खोचून पुढं आली आणि म्हणाली, "मुनशीबुवा, पोरीनं रडाव का नाचाव ते एकदा ठरवून सांगा जी. बैल ताटकळून राह्यले." मांडव हसला. पोरगी बिचारी हसतच सासरी गेली. साडू म्हणाला यात वाईट काय झालं. पण मी तिच्या मायकडं पाहत होतो. ती छकड्यामागं दोन पावलं गेली आणि काय करावं ते न सुचून परत आली.

दुसरी खोट हळूहळू कळली. तबकडी लाखेची असते, लाख आपल्याच जंगलातल्या पळसाकुसुमाची, आणि चुना लाखेला खातो. त्यात रोज सुई तिथंच पडायची, कधी काटाही. दोनेक उन्हाळ्यांत प्रत्येक गाण्याची मलई खरवडून गेली. ठिपक्याजवळ सुई आली की बाजा खोकल्यासारखा करायचा, एकच शब्द चारचारदा म्हणायचा, नाही तर कोलांटी मारून पुढं जायचा. आणि जे साडूनं तनिस म्हणून सोडलं होतं ते सगळं नव्यासारखं कोरं, चकचकीत. साडू मानायला तयार नाही. तो ठिपके नवीन जागी द्यायला लागला. तबकड्या देवी आल्यासारख्या दिसायला लागल्या.

त्याच सुमारास आमच्या दोघांच्या सासूचे कान जायला लागले. बुढी नदीकाठच्या खेड्यात एकटी राहायची. पोरगा नाही, दोन्ही पोरी आमच्याकडे. चांद्याच्या डॉक्टरनं कानात उजेड पाडून पाहिलं आणि आम्हा दोघांना सांगितलं, यावर दवा नाही, दिवाळीपर्यंत दोन्ही बंद होतील. ते आम्ही ओरडून तिला सांगितलं. ती म्हणाली, "होऊ द्या. शेजारीण लय बोलते. पण जवाईबुवा, बंद व्हायच्या आधी मले ते डोंग्याचं गाणं एकदा पुरं ऐकवा."

डोंग्याचं, म्हणजे नावेचं, गाणं साडूच्या खोक्यात होतं. एक बाई नदीकाठी उभी राहून नावाड्याला विचारते, माझं माहेर पलीकडे आहे, मला नेशील का. एवढं ती विचारते, आणि साडू सुई उचलतो. बुढीचं माहेर वैनगंगेच्या पलीकडचं. प्रत्येक लग्नात ती हे गाणं तेवढंच ऐकत आलेली. नावाडी काय म्हणतो ते तिला ठाऊक नव्हतं. "मंग त्यानं तिले नेलं का नाई, येवढंच सांगा," असं ती पूर्वीही विचारायची, आणि साडू म्हणायचा, "पुढं जास्त काई नाई, बाई." खरं तर त्यालाही आठवत नव्हतं. त्यानं ते एकदाच ऐकलं होतं, तेही उठबस करत.

यावरून आमचं वाजलं. साडूचं म्हणणं वेगळंच. आता बुढीचे कान थोडेच दिवस आहेत, तर त्यात सगळ्या गाण्यांतलं चांगलं चांगलं भरून घ्यावं, एकाच गाण्यावर ते खर्ची का घालावेत. तो खोकं छकड्यात घालून आला आणि तिच्या ओसरीवर सकाळपासून सुरू झाला. मलईवर मलई. आणि मलई तर खरवडलेली, म्हणून खोकल्यावर खोकला. बुढी कर्ण्याला कान लावून बसायची, मान इकडची तिकडे करायची, गाणं कळून हसायला लागे तोवर दुसरं सुरू. तो दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा, जास्त तबकड्या आणायचा, जास्त घाईनं लावायचा. तिचे कान जितके जात चालले तितका याचा हात चपळ. श्रावण गेला, पोळा झाला. डोंग्याचं गाणं काढलं की बाई नावाड्याला विचारायला लागेपर्यंत ठीक, आणि तिथंच खड्डा. सुई त्यातून उडून थेट मधल्या कागदावर. साडू लगेच म्हणे, "जाऊ द्या बाई, हे दुसरं ऐका, हे झकास हाय."

शेवटी एका दुपारी मी त्याचा हात धरला. म्हणालो, "साडूभाऊ, तुमी शिकले, मी नाई. पण बुढीनं एक मांगलं हाय, अन् तुमी तिले पन्नास देऊन राह्यले. खाली बसा." तो म्हणाला, "भाऊ, सुई उडते." मी म्हणालो, "तं धरून ठेवा."

आणि तो बसला. मांडी घालून. सुईचं मुंडकं बोटाच्या टोकावर इतकं हलकं धरलं की मला वाटलं हा श्वासही घेत नसेल. चिंचेच्या पाण्यानं चुना आधीच पुसून घेतला होता. खड्डा आला तसा त्यानं बोटानं मुंडकं किंचित आत लोटलं. बाई आपलं विचारत होती ती विचारत राहिली, आणि सुई पलीकडे उतरली. त्यानंतर गाणं कोरं करकरीत. नदीचं वर्णन, पाण्यावरच्या पाखरांचं, संध्याकाळचं. बुढीचा कान कर्ण्याच्या आत. मी साडूकडे पाहत होतो. त्याचा एक गुडघा उठायच्या बेतात वर येत होता, पण बोट हललं नाही. गाणं सरलं. नावाडी काहीच बोलला नव्हता. शेवटी बाई पुन्हा तेच विचारते, आणि बस.

बुढीनं विचारलं, "नेलं का नाई?"

साडू ओरडून म्हणाला, "बाई, नावाडी बोलतच नाई."

मला वाटलं आता हा माझ्याकडं पाहून हसेल. पुढं नुसता तनिस हाय हे त्याचंच म्हणणं शेवटी खरं ठरलं होतं. पण तो हसला नाही. बुढीनं कर्ण्याला लावलेला कान काढला. मग म्हणाली, "नाई बोलत तं नाई बोलत. मले वाटे तुमी लपवून राह्यले." आणि चहा ठेवायला उठली.

दिवाळीच्या आधीच तिचे कान गेले. आता तिच्यापुढं ओरडूनही उपयोग नव्हता, हातवारे करून सांगावं लागे. तरी साडूचा छकडा जात राहिला. लग्नांतली बोलावणी तोवर कमी झाली होती. मूलला कुणीतरी बॅटरीचा भोंगा आणला होता आणि त्यात गाणी पुरी वाजत. साडू नदीकाठी जायचा, खोक्यातून एकच तबकडी काढायचा, चावी द्यायचा आणि खाली बसायचा. बुढी बाजाच्या लाकडी पेटीवर दोन्ही तळवे ठेवून बसे. लाकूड थरथरते ते तिला हाताला कळे. संक्रांतीच्या सुमारास मी गेलो होतो तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. खड्डा आला, साडूच्या बोटानं सुई पार केली, पाखरं झाली, संध्याकाळ झाली, गाणं सरलं. सुई शेवटच्या रेघेत नुसती खरखर फिरत राहिली. साडूनं ती उचलली नाही. बुढीच्या तळव्यांखाली पेटी थरथरत होती. तिनं डोळे मिटले होते. म्हणाली, "आता नावाडी बोलून राह्यला वाटते."

साडूनं तिच्या मनगटाला हात लावला. तिनं डोळे उघडून पाहिलं तेव्हा त्यानं हो म्हणून मान हलवली, आणि बाजा थांबू नये म्हणून हळूच आणखी चावी दिली.