माळावरचं गुपित

दुसऱ्या महायुद्धातलं एकच गुपित अखेरपर्यंत टिकलं, आणि ते आमच्याकडे तांदूळ घालणाऱ्या काकांनी टिकवलं. आता ते गुपित पनवेलातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, हा भाग वेगळा. खाडीकडच्या काकांच्या माळावर लढाईच्या दिवसांत गोऱ्यांची रडारची तुकडी येऊन बसली होती. शत्रूची विमानं दुरूनच हुडकायची, हे तिचं काम. काकांचे आंबे तोडून तिथे लोखंडी मनोरा उभा राहिला आणि काकांना स्वतःच्याच माळावर पाणी भरायची नोकरी मिळाली. "लढाई संपली की जमीन परत. पण इथे काय आहे, ते कुणालाही सांगायचं नाही," असं साहेबानं बजावलं. काकांनी मान डोलावली ती कायमची.

लढाई संपली, साहेब मायदेशी गेला, मनोरा उतरला, काटेरी तार निघाली. जमीन तेवढी सरकारातच राहिली. काकांचा मात्र पहारा उठला नाही. 'रडार' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही; "त्ये" म्हणून माळाकडे हनुवटी करायचे. विमानाकडे टक लावून बघायला तेव्हा मनाई होती, म्हणून आभाळात घरघर झाली की हे पाठ फिरवणार. एकदा आमच्या ओटीवर तांदूळ मापता मापता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले! आई म्हणाली, "अहो, इंग्रज गेले की." "गेलं ना वैनी. पन आमी सबूद दिलाय." माळावरून जाताना तर पूर्वीच्या फाटकाच्या जागी थांबायचे, स्वतःचं नाव मोठ्यानं पुकारायचे, जरा वाट बघायचे आणि मगच पुढे पाऊल टाकायचे. त्यांचे बैलही आपसूक थांबायला शिकले होते. गाव हसायचं. मीही पोट धरून हसलो आहे.

साठ सालाच्या आसपास आपल्याच फौजेतला एक निवृत्त अधिकारी त्या तुकडीचा इतिहास लिहायला आला. जमीन कुणाची होती ते कळलं तर सरकारला कळवीन, असंही म्हणाला. मी काकांना विनवलं, "आता तरी तोंड उघडा. माळ परत मिळेल." काका हसले. दुसऱ्या दिवशी माळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "बाबा, इथे काय होतं? कुणाची जमीन होती?" काका ताठ उभे राहिले. "हितं कायच नव्हतं, सायेब. निस्तं गवत."

मी कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याला खरं काय ते सांगितलंही, पण "मालकच नाही म्हणतो, तिथे तुमचं काय लिहू?" म्हणून त्यानं वही मिटली. परतताना काकांचा चेहरा मात्र फुलला होता. "परीक्षा घ्यायला धाडला व्हता त्याला, भाऊ. पन मी फसलो नाय. आता देतील माझी जमीन."

इतिहास छापून आला. तुकडी ओसाड, बेवारस माळावर उभी होती, असं त्यात आहे. बेवारस म्हटल्यावर सरकारला मोकळं रान. माळ एका कारखानदाराला गेला. मला त्या अधिकाऱ्याचा राग आला, सरकारचा आला, आणि खोटं कशाला बोलू, काकांचा सगळ्यांत जास्त आला.

पुन्हा तार आली आणि जुन्याच जागी खरंखुरं फाटक बसलं. काका सवयीनं थांबले, त्यांनी नाव पुकारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आतून उत्तर आलं. पहारेकरी म्हणाला, "काय काम आहे इथे?"

काका म्हणाले, "कायच नाय," आणि त्यांनी बैल वळवले.

आता काका नाहीत. त्या वाटेनं जाताना मी फाटकाशी थांबतो आणि त्यांचं नाव घेतो, पण हळूच, मला एकट्याला ऐकू येईल इतकंच.