भाषण कुठे कापायचं?

समजा, तुम्हाला सात जीबीची एक फिल्म पेनड्राइव्हवर टाकायची आहे. ड्राइव्ह रिकामा आहे, तरी कॉम्प्युटर म्हणतो, मावत नाही. कारण ड्राइव्हचा फॉरमॅट जुना, फॅट-३२ आहे आणि त्यात चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

आमच्या गल्लीतल्या शूटिंगवाल्या काकूंचं असंच झालं. त्यांनी सरळ फॉरमॅट बदलून मोठ्या फाइली घेणारा नवा एक्सफॅट केला, फिल्म टाकली आणि ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हाती दिला. ड्राइव्ह घेऊन तो संध्याकाळी परत हजर.

"काकू, आमचा टीव्ही याला ओळखच देईना!"

"जुना आहे का?"

"बाबांच्या वयाचा म्हणा ना. पण बाबांना तोच लागतो."

फिल्म म्हणजे बाबांच्या निवृत्तीच्या दिवसाचं भाषण. पुढे आजारपणात त्यांची वाचा गेली. आता त्यांना स्वतःला बोलताना बघायचं होतं.

काकूंनी ड्राइव्ह पुन्हा फॅट-३२ केला. फिल्म दाबून लहान केली, तर चेहरा धूसर झाला. मग दोन तुकडे करण्यावाचून इलाज उरला नाही.

"मधे कुठे थांबलेत का हो ते?"

"बाबा? अहो, ते घरीसुद्धा श्वास घ्यायला थांबत नसत!" तो हसला.

काकूंनी हेडफोन लावून मधला भाग पुन्हा पुन्हा ऐकला. शेवटी हेडफोन काढून म्हणाल्या, "मी कुठेही कापलं तरी त्यांचं बोलणं तुटणारच. त्यांनाच इथे आणलंत तर? कुठे थांबायचं ते बोटाने दाखवतील का मला?"