जन्मवेळेचा रकाना

चूक माझी होती. कुंदाताईंची नव्हती. एवढं एक वाक्य मी सहा वर्षं कुणापुढे उच्चारलं नाही, बायकोपुढेही नाही.

रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाचा वधूवर मेळावा होता. मी शंकर नगरच्या एका ऑफिसात काम करतो, एक्सेल मला बरं येतं. मंडळासाठी मी एक मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. फाइलमधलं बटण दाबलं की एक खिडकी उघडायची: नाव, शिक्षण, नोकरी, जन्मवेळ. माहिती भरून ‘जमा करा’ दाबलं की खिडकी कोरी. मागचा तक्ता मी लपवून ठेवला होता, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. किती कौतुक झालं माझं! आणि मला ते आवडलं—खोटं कशाला बोलू?

माहिती भरायचं काम कुंदाताईंनी घेतलं. बूढ़ापाऱ्यात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लोक फोनवर सांगत, त्या भरत.

मेळाव्याच्या दिवशी त्या तक्त्यावरून छापलेली पुस्तिका वाटली आणि हॉलमध्ये गलका झाला. कितीतरी नावं नव्हतीच. त्यातल्या बहुतेक मुली घटस्फोटित, काही विधवा. एक बाप तर पुस्तिका हलवत ओरडत होता, ‘आमच्या पोट्ट्या काय लग्नाच्या नाहीत?’ सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काहून हो ताई, झोपेत भरून राहिल्या होत्या का?’ लोक हसले.

‘मी भरलं होतं, भाऊ,’ कुंदाताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी काय केलं? पुस्तिका चाळत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल उघडली. ताईंची चूक सापडेल असं मला खरंच वाटत होतं. एक खोटं नाव भरलं, घाईत जन्मवेळ रिकामी राहिली. मग दुसरं नाव भरलं आणि लपवलेला तक्ता उघडला. पहिलं नाव नव्हतं. त्याच्याच जागेवर दुसरं बसलं होतं. पुन्हा करून पाहिलं—पुन्हा तेच.

शेवटची भरलेली ओळ कुठली, हे माझा मॅक्रो जन्मवेळेच्या रकान्यात पाहायचा. तो रिकामा असला की पुढचं नाव आधीच्या नावावर बसायचं. आपल्यात जन्मवेळ कोण सोडतं, असं मी धरून चाललो होतो. कोण सोडतं? ज्यांनी एकदा पत्रिका जुळवून लेक दिली आणि ज्यांची लेक परत आली, ते सोडतात. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मला कुंदाताईंची पल्लवी आठवली. तीही माहेरी परत आलेली. पुस्तिका उघडून पाहिली—पल्लवी नव्हती. त्या बाईने स्वतःच्या लेकीचं नाव स्वतःच्या हाताने भरलं असणार. काल सगळे हसत होते तेव्हा त्या हे बोलल्या नाहीत. का नाही बोलल्या?

तेवढ्यात सचिवांचा फोन आला. ‘तुमचा मॅक्रो तर बरोबर आहे ना?’

‘हव,’ मी म्हणालो.

मग मॅक्रोतली ती एक ओळ बदलली, फाइल सेव्ह केली. कुणाला काही कळलं नाही. कुंदाताई मंडळात यायच्या बंद झाल्या. त्यानंतर प्रत्येक मेळाव्यात माझा सत्कार झाला आणि प्रत्येक वेळी मी नारळ घेतला.

यंदा मेळाव्याच्या बैठकीत एक नवी मुलगी माहिती भरायला तयार झाली. सचिव तिला म्हणाले, ‘ध्यान से भरना बेटा, कुंदाताईंसारखं नको करू.’ पुन्हा तेच हसू. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

तिथून थेट बूढ़ापाऱ्यात गेलो. दार पल्लवीने उघडलं. ‘मम्मी, मंडल वाले अंकल आए हैं.’ कुंदाताई बाहेर आल्या, खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

‘ताई, तुम्ही एकही नाव सोडलं नव्हतं. पल्लवीचंही नाही. चूक माझ्या मॅक्रोत होती, अन् मले ती दुसऱ्याच दिवशी समजली होती. तरी मी आळ तुमच्यावर येऊ दिला. माफी मागतो, ताई. पल्लवी, तुझीही.’